तीन पाण्यांनी धुतलेले बोंबील

हंसा लग्न होऊन आमच्या आळीत आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी लक्षात आले ते तिचे गाल. दोन्ही गालांवर लालसर-जांभळट झाक होती. आळीतल्या बायका म्हणाल्या, "काय रंग हाय पोरीचा!" तिची सासू राहीबाई दर शनिवारी तिची दृष्ट काढायची. पुढे कळलं की ते रूप नव्हतं, रोग होता. म्हणजे तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून एका आजाराचं कौतुक केलं.

मी जमना. त्या वेळी गावच्या शाळेत शिकवायचे. आमची आळी तारापूरच्या किनाऱ्याला, खाडीच्या तोंडाशी. पोरं एक तर होडीवर जात, नाही तर सायकल हाणत कुंभवलीच्या बाजूला कारखान्यांत. मासेवाल्यांच्या घरातली शिकलेली मुलगी मी एकटी, तेव्हा दवाखाना, कचेरी, पोस्ट, जिथे तोंड उघडायचं असेल तिथे सगळी आळी मला पुढे ढकलायची. मला राग यायचा, मी चिडचिड करायचे आणि जायचे. हंसा शेजारच्या घरातली, म्हणून तिच्याबरोबर जरा जास्तच वेळा गेले.

तिचं माहेर पाम गावचं. बारा-तेरा वर्षांची असताना तिचा घसा धरला होता आणि मागून ताप आला. मग सांधे सुजायला लागले. आज गुडघा, तो उतरला की कोपर, तो उतरला की घोटा. आईने तेल चोळलं, कुणी पाला बांधला, कुणी अंगारा लावला. महिन्याभराने सांधे बरे झाले आणि घरच्यांनी देवाला नारळ फोडला. खरं दुखणं तोवर काळजात जाऊन बसलं होतं आणि आम्ही गुडघे चोळत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

लग्नानंतर हंसा टोपली डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकायला जाऊ लागली. वाटेत बसायची. पहिल्यांदा एकदा, मग दोनदा. बाकीच्या बाया हसायच्या, "कमलाकांतची बायको नाजूक बाय, पाटाची राणी." कमलाकांत तिचा नवरा, होडीवरचं इंजिन सांभाळायचा. माणूस बोलायला कमी, इंजिनाशी मात्र तासन्‌तास बोलेल. त्यालाही वाटलं, सवय नाही, होईल हळूहळू. ब्याऐंशी साली तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिला आडवं झोपताच येईना. भिंतीला टेकून बसायची, खोकायची, खोकल्यातून गुलाबी फेस यायचा. मूल राहिलं नाही. ती कशीबशी राहिली.

तेव्हा मी तिला बोईसरच्या दिनानाथ डॉक्टरांकडे नेलं. बरोबर कमलाकांत आणि राहीबाई. हे डॉक्टर पुण्याकडचे, कट्टर शाकाहारी, पण माणूस चांगला. त्यांनी हंसाच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले. मग ती नळी त्यांनी माझ्या कानाला लावली.

"बाई, तुम्ही शिकवता ना? मग ऐका. आधी आपलं स्वतःचं ऐका."

मी ऐकलं. लब-डब. लब-डब. आणि मध्ये शांत.

"हा आवाज कशाचा, माहीत आहे? दरवाजे बंद होण्याचा," ते म्हणाले. त्यांनी आपली मूठ पुढे धरली. "हृदय एवढं. आत चार खोल्या, वर दोन, खाली दोन. फुप्फुसातून शुद्ध रक्त येतं ते डाव्या वरच्या खोलीत. तिथून दोन पाकळ्यांच्या दरवाजातून खालच्या खोलीत उतरतं. खालची खोली जाड, ताकदीची. ती अशी आवळते." त्यांनी मूठ घट्ट केली. "आवळली की वरचा दरवाजा खाडकन बंद, कारण रक्त उलटं जाता कामा नये. तो लब. रक्त बाहेरच्या मोठ्या नळीत जातं. मग मूठ सैल पडते. नळीतलं रक्त मागे यायला बघतं, तर तिथला दरवाजा बंद होतो. तो डब. दरवाजा चांगला असला तर उघडताना तो गप्प असतो."

मग त्यांनी मला हंसाचं ऐकवलं. पहिला ठोका एवढा मोठा की मी दचकले. मग डब. त्याच्या पाठोपाठ एक बारीक टिचकी, आणि मग जी शांतता असायला हवी होती तिथे घरघर. दूर कुठे जात्यावर कोणी दळत असावं तशी.

"हिचा दरवाजा उघडतानाही वाजतो," डॉक्टर म्हणाले. "लहानपणच्या त्या तापाने पाकळ्या एकमेकींना चिकटल्यात. दोन बोटं सहज जावीत एवढं दार, ते शर्टाच्या काजाएवढं उरलंय. रक्त त्यातून घासून उतरतं."

कमलाकांत इतका वेळ डॉक्टरांच्या मुठीकडे बघत होता. तो म्हणाला, "मंजे पंपात पाणी भरतच नाय. पंप चांगला हाय, पण भरत नाय."

"अगदी तसंच. आणि आता नीट ऐका, कारण हिचा जीव यात आहे." डॉक्टरांनी पुन्हा मूठ उघडमीट केली. "आवळायला हृदयाला वेळ थोडा लागतो. खरा वेळ लागतो भरायला. मूठ सैल असते तेव्हा, विसाव्यात, हृदय भरतं. शेवटी शेवटी वरची खोली जरा आवळून उरलंसुरलं खाली ढकलते, आणि मग पुन्हा मूठ. माणूस धावला, ओझं उचललं, ताप आला की ठोके वाढतात. पण आवळायचा वेळ फारसा कमी होत नाही. कापला जातो तो विसावा. तुमचं-माझं भागतं, आपलं दार मोठं आहे. हिला तर जास्त विसावा हवा. तो गेला की रक्त वर तुंबतं, त्याच्याही मागे फुप्फुसात तुंबतं, आणि तिथे पाणी झिरपतं. ही जमिनीवर बसून बुडते आहे, असं समजा."

मला त्या दिवशी फार राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. आमच्या आळीत बाई पहाटे उठते, होडी लागली की किनाऱ्यावर धावते, टोपली भरते, बाजार करते, येऊन चूल पेटवते. आणि इथे एक डॉक्टर सांगत होता की हृदयसुद्धा विसाव्यातच भरतं. हे सांगायला आम्हाला कोणी आजवर भेटलं नव्हतं.

उपाय होता. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, वरच्या खोलीत बोट घालायचं आणि चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या करायच्या. हृदय चालू असतानाच.

"इंजिन चालू ठेवून?" कमलाकांतने विचारलं.

"चालू ठेवून. आणि माणसं त्यातून उठून घरी जातात, पोरंबाळं होतात. पण त्याआधी हिच्या अंगातलं पाणी उतरायला हवं. फुप्फुसं ओली असताना सर्जन हात लावणार नाही. लघवीच्या गोळ्या देतो. आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की रक्त वाढलं, आणि त्या काजाएवढ्या दारावर गर्दी वाढली. जेवणात मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही, मीठ लावलेले मासे नाहीत."

राहीबाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. ही बाई तोंडाची फाटकी. आळीत तिच्याशी भांडायला कोणी धजत नसे. सुनेची टोपली वाटेत पडायची तेव्हा तिने काय काय ऐकवलं होतं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. पण त्या दिवशी घरी आल्याबरोबर तिने चुलीजवळची मिठाची बरणी उचलली आणि माझ्या घरात आणून ठेवली.

"जमने, हे तुज्याकडं ऱ्हाऊ दे. आमच्या घरात आता मीठ नाय."

मी म्हटलं, "अगो, तुला कशाला? तू खा की."

"सून आळणी खाणार नि मी तिच्यासमोर खारट खाऊ? तिच्या तोंडाला पाणी सुटंल. माज्यानं नाय व्हायचं."

आणि तिने खरंच नाही खाल्लं. साठीची बाई, आयुष्यभर माशाच्या कालवणावर वाढलेली, अळणी भात आणि अळणी डाळ गिळायची आणि वर म्हणायची, "लागतंय की चांगलं." टोपलीही तिनेच डोक्यावर घेतली. हंसाला उंबऱ्याबाहेर जाऊ देईना. "बस तू. डॉक्टर बोलले, इसावा." बायका म्हणायला लागल्या की राहीबाईला वेड लागलं. मी त्यांना म्हटलं, असलं वेड तुमच्या सासवांना लागलं असतं तर तुमच्याही हाडांना जरा विसावा मिळाला असता.

पण अळणी खाऊन माणसाची वासना मरते. हंसा दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. हाडं वर आली. गोळ्या चालू होत्या, पायांची सूज जरा उतरली होती, पण अंगात जीव राहिला नव्हता. राहीबाई हवालदिल झाली. मग तिला सुचलं, बोंबील.

आमच्याकडे दोन प्रकारचे वाळवलेले मासे. मोठा मासा, मुशी, घोळ, ते चिरून मीठ भरून वाळवायचे. बोंबलांना मात्र कोणी मीठ लावत नाही. ते दोन-दोन घेऊन एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि बांबूच्या वलांडीवर, म्हणजे उंच चौकटीवर, दोरीला टांगायचे. ऊन आणि वारा, बस. हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मीठ लावलेले मासे डॉक्टरांनी बंद केले होते. बोंबलाला मीठ नाहीच.

राहीबाईने त्यात कसूर ठेवली नाही. होडी लागली की स्वतः जाऊन ताजे, टणक बोंबील निवडायची. आजारी माणसाच्या पोटात वाळूचा कण, घाण जाऊ नये म्हणून एकदा नाही, तीन पाण्यांनी धुवायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून, भरतीच्या स्वच्छ पाण्यात. मग सुनेसाठी वेगळी दोरी, वलांडीच्या वरच्या टोकाला, जिथे कुत्रं-मांजर पोचणार नाही. सुकले की निखाऱ्यावर भाजून द्यायची. भिजवायची नाही, भिजवलं की चव जाते.

आणि हंसा जेवायला लागली! भाताबरोबर चार-चार बोंबील. राहीबाई दारात उभी राहून मला ओरडून सांगायची, "जमने, आज ताट निपटलं बघ!" हंसा सासूला आय म्हणायची. ती मला म्हणाली, "ताई, मीठ नाय तरी कसा तोंडाला स्वाद येतो. आयच्या हाताचा गुण हाय." आम्ही सगळे खूश. मीसुद्धा एकदा तिच्या ताटातला अर्धा बोंबील उचलून खाल्ला होता आणि चांगला लागला म्हणाले होते.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला मुंबईच्या सर्जनने तिला पाहिलं आणि तारीख दिली. दिनानाथ डॉक्टरांनी बजावून पाठवलं, कोरडी होऊन जा. पण कोरडी होण्याऐवजी ती भरत चालली. पाय पुन्हा सुजले, बोट दाबलं की खड्डा पडायचा. पोट वर आलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. ते पुन्हा पुन्हा विचारायचे, "मीठ?" आणि राहीबाई छातीवर हात ठेवून सांगायची, "देवाशपथ, घरात मिठाचा खडा नाय." ते खरं होतं. डॉक्टर बोटांनी टेबल वाजवत बसायचे. घरी आल्यावर राहीबाई आणखी दोन बोंबील वाढायची, पोरीच्या अंगात ताकद नाही म्हणून.

तारखेला आम्ही तिला मुंबईला नेलं तेव्हा ती दोन पावलंही टाकू शकत नव्हती. तिची नाडी आता बिघडली होती, एक ठोका मोठा, दोन बारीक, मग गप्प, मग चार एकदम. वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता, मालवणकडचा. त्याने सांगितलं की वरची खोली आता आवळत नाही, नुसती थरथरते आहे. शेवटचा जो रेटा मिळायचा तोही गेला. सर्जन येऊन बघून गेले आणि मान हलवली. अशा फुप्फुसांवर शस्त्रक्रिया होणार नव्हती. पाणी उतरलं तर बघू, म्हणाले.

दुपारची वेळ. कमलाकांत औषधं आणायला गेला होता, राहीबाई खाली चहा आणायला. तो तरुण डॉक्टर खाटेवर वाकून हंसाला तिच्या खाण्याबद्दल विचारत होता, भांडत नव्हता, नुसता विचारत होता. सकाळी काय, दुपारी काय. हंसा धापा टाकत एक-एक शब्द सांगत होती. भात. डाळ. बोंबील.

त्याचं पेन थांबलं. "सुके?"

"सुके. पण मीठ नाय लावत. आमी नाय लावत बोंबलाला."

"माहीत आहे. आमच्याकडेही नाही लावत," तो म्हणाला. "धुता कशात?"

हंसाने माझ्याकडे पाहिलं. कशात म्हणजे? मासा समुद्रातच धुतात. गोड्या पाण्यात बोंबील धुतला तर तो लिबलिबतो, टिकत नाही. आणि विहिरीचं पाणी आमच्याकडे माशांवर ओतायला असतं कुठे?

"पाणी उडून जातं, मीठ राहतं," तो हळू म्हणाला. "मासा सुकून एवढासा होतो आणि सगळं त्याच्यात बसतं. तीन वेळा धुतला तर तीन वेळा पाणी बदललं, मीठ तेच. किती खायची रोज?"

मिठागरं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. समुद्राचं पाणी उन्हात ठेवलं की मीठ होतं हे मी दर वर्षी चौथीच्या वर्गाला फळ्यावर काढून शिकवत आले होते. तेच पाणी बोंबलावर वाळतं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. मासे सुकवणं आमचं रोजचं जगणं, त्याकडे कोणी बघत नव्हतं.

हंसाने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, घामाने भिजलेला. "ताई, आयला सांगू नका."

"हंसा..."

"माजी शपथ हाय. ती मरंल."

आणि तेवढ्यात राहीबाई चहाचा ग्लास पदरात धरून आत आली. डॉक्टर सरळ उभा राहिला आणि तिच्याकडे वळला. तो चांगला मुलगा होता, त्याला वाईट बोलायचं नव्हतं, पण सांगणं त्याचं काम होतं. "आजी," तो म्हणाला, "सुनेच्या पोटात मीठ गेलंय. आणि ते..."

"मी खाल्लं," हंसा म्हणाली.

तिच्यात एवढा आवाज उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मी चोरून खाल्लं, आय. ताईंच्या घरातनं... बरणीतनं. रोज खाल्लं. ऱ्हावलं नाय मला."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याला समजलं. तो दुसऱ्या खाटेकडे निघून गेला.

राहीबाईच्या हातातला ग्लास तसाच होता. ती आधी हसलीच, विश्वास बसला नाही म्हणून. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, आणि ते तिला पुरलं.

"आमी सगळी आळणी खाल्ली," ती म्हणाली. "तुज्यापायी. वरीसभर. माज्या जिभेची चव मेली. नि तू चोरून खाल्लं?"

"हो, आय."

"मंग मर," राहीबाई म्हणाली. तिने ग्लास खिडकीत ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन, वॉर्डाकडे पाठ करून खाली बसली.

ती तिथून उठली नाही. कमलाकांतने विनवलं, मी हात धरून ओढलं. हंसा आत उशांना टेकून दाराकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, पण बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे ठोके आणखी विस्कटले, मग फेस आला, मग माणसं धावली, आणि मग कोणी धावेनासं झालं. नर्सने पडदा ओढला तेव्हाही राहीबाईची पाठ तशीच होती. फक्त तिचे खांदे हलताना मी पाहिले. आत यायला मात्र ती तयार झाली नाही.

दहाव्याला खाडीच्या काठावर पान वाढलं. भात, वडा, हंसाला आवडायची ती नारळाची वडी. भटजींनी पाणी सोडलं. सगळ्या बायका मागे सरल्या, तेव्हा राहीबाई पुढे झाली. पदराच्या गाठीतून तिने ओंजळभर जाडं मीठ काढलं आणि पानाच्या मधोमध ओतलं, इतकं की भात दिसेनासा झाला.

"घे, चोरटे," ती म्हणाली. "खा पोटभर. आता तुला कोण अडवत नाय." आणि ती त्या पानाशेजारी वाळूत बसून ओरडून रडायला लागली.

मी दोन हात अंतरावर उभी होते. माझ्या जिभेवर सगळं होतं, एका वाक्यात संपलं असतं. पण खरं सांगितलं तर ही बाई जगणार नव्हती, आणि खोटं ठेवलं तर हंसा कायमची चोर ठरणार होती. हंसाने ते आधीच ठरवून टाकलं होतं. मी गप्प राहिले. राहीबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि आळीत कोणी सुनेचं नाव काढलं की म्हणायची, पोर चांगली होती, पण जिभेची चोर होती. आणि आळी मान हलवायची.